डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला एक्सचेंजवर येताय? मग हे आधी वाचा

दरवर्षी जून-जुलै आला की कुणाच्या ना कुणाच्या ओळखीतून मेसेज येतोच, ताई एक्सचेंजला सिलेक्शन झालंय, ऑर्हुसला येतोय, काय काय आणू? आणि प्रत्येकाला मी तेच तेच टाइप करत बसते, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतेय. मी पुण्याच्या कॉलेजमधून एका सेमिस्टरसाठी ऑर्हुस युनिव्हर्सिटीत आले होते, मग मास्टर्सला परत आले आणि आता इथंच नोकरी करते. कोपनहेगन, ओडेन्स, ऑल्बोर्गला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक गोष्ट सांगते कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. इथं आपणहून येऊन कुणी विचारत नाही. शेजारी नाही, वर्गातला नाही, प्रोफेसर तर नाहीच. याचा अर्थ माणसं तुसडी आहेत असा अजिबात नाही, समोरच्याला न विचारता त्याच्यात लुडबुड करू नये असं त्यांना मनापासून वाटतं. तुम्ही विचारलंत की मात्र हातातलं काम बाजूला ठेवून मदत करतात. आपल्याकडे नवीन माणूस आला की चार घरचे चहाला बोलावतात, तशी वाट बघत बसाल तर ऑगस्टच्या शेवटी आलेला माणूस जानेवारीत परीक्षा देऊन निघायची वेळ येते आणि ओळखी व्हायच्याच राहतात. पाच महिने फार थोडे असतात हो.

आता कागदपत्रं. व्हिसा म्हणजे इथला रेसिडेन्स परमिट, तो सीरी नावाचं खातं देतं, भारतातच अर्ज करून बायोमेट्रिक्स द्यावं लागतं, त्याला वेळ लागतो म्हणून कॉलेजचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज टाका. इथं उतरल्यावर साखळी अशी आहे: पत्ता, मग सीपीआर नंबर, मग मिटआयडी (इथली ऑनलाइन ओळख), मग बाकी जग. सीपीआर म्हणजे दहा आकडी नंबर, पहिले सहा आकडे तुमची जन्मतारीख, आणि डॉक्टरपासून पगारापर्यंत सगळं त्याच्यावर चालतं. राहायला गेल्यापासून पाच दिवसांत रजिस्टर करायचं असतं, ऑर्हुसमध्ये हे काम बंदरावरच्या डोक वन लायब्ररीच्या इमारतीत होतं, पासपोर्ट, परमिटचा कागद आणि घराचा करार घेऊन जा. ज्या घरात पत्ता लावू देत नाहीत ते घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, पत्त्याशिवाय सीपीआर नाही आणि सीपीआरशिवाय तुम्ही इथं असून नसल्यासारखे.

आणि पत्रपेटीवर तुमचं नाव लावा, पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी! मी लावलं नव्हतं. कोलेगियमच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलच्या, पेटीवर आधीच्या मुलीचं नाव होतं, मला वाटलं खोली नंबर आहे तेवढं पुरे. माझं पिवळं हेल्थ कार्ड आलं आणि तसंच परत गेलं, कारण इथं पेटीवर नाव नसेल तर माणूस तिथं राहत नाही असंच धरतात. मी तीन आठवडे वाट बघत बसले, तापात पडले तेव्हा माझा डॉक्टर कोण हेच मला माहीत नव्हतं कारण ते त्या कार्डावरच लिहिलेलं असतं. शेवटी बाजूच्या खोलीतल्या मुलीचं दार वाजवलं, तिने पाच मिनिटांत फोन करून सगळं शोधून दिलं आणि म्हणाली, आधी का नाही सांगितलंस? आता तर पत्रंही फार कमी येतात, इथल्या पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने २०२५ च्या ३० डिसेंबरला पत्रं वाटणं कायमचं बंद केलं, चारशे वर्षांची रीत संपली, उरलेली पत्रं दुसरी कंपनी वाटते, आणि सरकारी पत्रं तर मिटआयडी झालं की फोनवरच येतात. पण ते पिवळं कार्ड पेटीतच येतं.

डॉक्टरकडे थेट जाऊन बसायची पद्धत नाही, फोन करून वेळ घ्यायची. डॉक्टरची फी लागत नाही पण दातांचे पैसे लागतात आणि ते भरपूर लागतात, म्हणून निघायच्या आधी दात दाखवूनच या. आणि साध्या सर्दीतापाला अँटिबायोटिक मिळणार नाही, पाणी प्या, झोपा आणि पॅरासिटामॉल घ्या असंच सांगतात, घाबरू नका. जीवावरचं काही असेल तर ११२.

घरासाठी युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग ऑफिसमधून मिळालं तर ते डोळे झाकून घ्या. बाहेर शोधत असाल तर करार हातात आल्याशिवाय आणि कुणीतरी प्रत्यक्ष खोली बघितल्याशिवाय एक क्रोनही पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवते, डिपॉझिट आधी भर,’ असं कुणी म्हणालं की फसवणूक आहे असं समजायचं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे असे तीन महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे गेले, वडिलांनी लोन काढून दिलेले होते, आठवलं की अजून वाईट वाटतं. त्याने जाहिरात मला नुसती फॉरवर्ड केली असती तर दहा मिनिटं सायकल मारून मी पत्ता बघून आले असते. इथं राहणारं कुणीही मराठी माणूस एवढं करेल, संकोच करू नका.

अभ्यासाचं सांगते. सेमिस्टरला ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट्स), म्हणजे साधारण तीन विषय, आणि पोरं म्हणतात बस तीनच? तीनच, पण प्रत्येकाचं वाचन डोक्यावरून जाईल इतकं. हजेरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, इंटर्नल मार्क्सचा आधार नाही, बऱ्याचदा सगळं शेवटच्या एका परीक्षेवर. प्रोफेसरला सर-मॅडम नाही, सरळ नावाने हाक मारायची, पहिले दोन आठवडे जीभ वळत नाही मग सवय होते.

ग्रुपवर्क मात्र नीट समजून घ्या. माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये चार जण होतो, मीटिंगमध्ये मी गप्प, मनात म्हटलं आपण काम करून दाखवू, आणि रात्रभर जागून अख्खा रिपोर्ट लिहून सकाळी पाठवून दिला. मला वाटलं खूश होतील. कुणीच खूश नव्हतं. दुपारी कँटीनमध्ये बसल्यावर एक जण अगदी शांतपणे म्हणाला, हे चांगलं लिहिलंयस, पण हे आपण ठरवलेलं नव्हतं, आणि काल तू काहीच बोलली नाहीस. त्या दिवशी कळलं की इथं काम किती केलं याच्याइतकंच बोललात का, प्रश्न विचारलात का, मला हे पटत नाही असं सांगितलंत का यालाही महत्त्व आहे. आपल्याला घरी-शाळेत उलट बोलू नये असं शिकवलेलं असतं, इथं न बोलणाऱ्याला रस नाही असं समजतात. इंग्लिश तुटकं असलं तरी चालतं, त्यांचंही सेकंड लँग्वेजच आहे.

तोंडी परीक्षा भरपूर असतात आणि तिची भीती सगळ्यात जास्त. वीस एक मिनिटं, टेबलापलीकडे तुमचा प्रोफेसर आणि शेजारी सेन्सॉर म्हणजे दुसरा परीक्षक, तो बऱ्याचदा दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून आलेला असतो म्हणजे कुणावर अन्याय नको. सुरुवातीची काही मिनिटं तुम्ही बोलायचं, मग प्रश्न, मग तुम्हाला बाहेर थांबायला सांगतात, कॉरिडॉरमध्ये ती चार मिनिटं संपता संपत नाहीत, मग आत बोलावून तोंडावर ग्रेड सांगतात आणि का ते पण सांगतात. ग्रेड २००७ पासून अशा आहेत: १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३. ०२ ला पास. त्या दोनच्या आधी शून्य लावतात ते कुणी आधी एक लिहून बारा करू नये म्हणून. सात म्हणजे चांगलं काम, रडायचं नाही. फक्त आपल्या कॉलेजमध्ये सातचं काय रूपांतर होणार हे निघायच्या आधी तिथल्या ऑफिसकडून लेखी घेऊन ठेवा, परत आल्यावर त्यावरून वाद झालेले मी बघितलेत.

आता डॅनिश. सगळ्यांना इंग्लिश येतं, तरी आकडे शिकाच, आणि इथं मराठी माणसाला जो फायदा आहे तो दुसऱ्या कुणाला नाही. इंग्लिशवाले वेडे होतात कारण पन्नास म्हणजे हॅल्ट्रेस, त्याचा मूळ अर्थ तिसरा अर्धा गुणिले वीस. तिसरा अर्धा म्हणजे काय? आपले अडीच! अडीच विसा पन्नास. ट्रेस म्हणजे तीन विसा साठ, हॅल्फ्येर्स म्हणजे साडेतीन विसा सत्तर, फीर्स चार विसा ऐंशी, हॅल्फेम्स साडेचार विसा नव्वद. माझी आजी अंडी आणि आंबे विसाच्या हिशोबानेच मोजायची, तिला हे एका मिनिटात कळलं असतं. आणि पंचावन्न म्हणताना आपण पाच आधी घेतो तसेच तेही पाच आधी घेतात. घड्याळाचं पण असंच, हॅल्व फिअर म्हणजे साडेतीन, शब्दशः अर्धे चार, ते साडेचार समजून एक तास उशिरा पोचू नका कारण उशीर इथं खरंच चालत नाही. आणि तारखेऐवजी आठवड्याचा नंबर सांगतात, ४२ व्या आठवड्यात भेटू म्हणजे ऑक्टोबरातली सुट्टी, फोनच्या कॅलेंडरमध्ये वीक नंबर चालू करून ठेवा.

सायकल घ्या, जुनी, पहिल्या आठवड्यात. थांबताना हात वर करायचा, डावीकडे वळताना गाड्यांसारखं मधे घुसायचं नाही, सरळ चौक ओलांडून कोपऱ्यावर थांबून मग वळायचं. दिवे पुढे पांढरा मागे लाल, नसेल तर दंड होतो. ऑर्हुसमध्ये चढ आहेत, सपाट डेन्मार्क म्हणून येऊ नका, गिअरवालीच बघा.

पैशांचं थोडक्यात. नेट्टो, रेमा, लिडल इथून सामान घ्या, बाटल्या-कॅन फेकू नका, मशिनमध्ये टाकल्या की प्रकारानुसार १, दीड किंवा ३ क्रोन परत मिळतात. तूरडाळ, मसाले, बासमती, हिरव्या मिरच्या बझार वेस्टमध्ये मिळतात, शनिवारी सकाळी जा. घरून गोडा मसाला, मेतकूट, हिंग, चटण्या आणा, पण तूप, पेढे, बर्फी नको, बाहेरून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आईला आधीच सांगा नाहीतर ती विमानतळावर निघताना हळूच डबा भरते. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला चालेल. पार्ट टाइम नोकरी करायची असेल तर नॉन-ईयू (युरोपियन युनियनबाहेरच्या) वाल्यांना महिन्याला ९० तास आणि जून ते ऑगस्ट फुल टाइम, तरी तुमच्या परमिटवर काय लिहिलंय ते वाचा, आणि पहिल्या पगाराआधी टॅक्स कार्ड काढा नाहीतर ५५ टक्के कापून हातात येतात.

कॉमन किचनमध्ये फोडणी देताना एक्झॉस्ट चालू करून खिडकी उघडा आणि दार बंद ठेवा, मोहरी तडतडायच्या आधीच स्मोक अलार्म वाजतो आणि अख्खी बिल्डिंग खाली उतरते. वास येतो म्हणून लपून, रात्री अकराला स्वयंपाक करणारी आपली पोरं मी बघितलीत, असं करू नका. सगळ्यांच्या वेळेला करा आणि एक वाटी पुढे करा. आमच्याकडे आठवड्यातून एकदा एकत्र जेवण असायचं, आळीपाळीने एकाने सगळ्यांसाठी करायचं, मी साधी मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेले पापड केले होते. जी मुलगी दोन महिने हाय-बायच्या पुढे गेली नव्हती ती भांडी घासायला थांबली आणि आम्ही एक वाजेपर्यंत बोलत होतो. तिच्या आईवडिलांकडे मी त्या वर्षी ख्रिसमसला गेले, २४ तारखेला झाडाभोवती हात धरून फेर धरतात, गाणी म्हणतात, मला एकदम मंगळागौर आठवली.

आणि अंधार. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य गेलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं, भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, घरी फोन लावावा तर सगळे झोपलेले, आणि हे सगळं नेमकं दिवाळीच्या आसपास. झोप येते, कशात मन लागत नाही, आपण नापास होणार असं वाटायला लागतं. ते तुमच्यात काही कमी आहे म्हणून नसतं. व्हिटॅमिन डी इथले सगळे घेतात, तुम्हीही घ्या. दुपारी बाराला जमेल तसं बाहेर पडा, युनिव्हर्सिटी पार्कच्या तळ्याला एक चक्कर मारा. शुक्रवारी डिपार्टमेंटच्या फ्रायडे बारला जा, दारू पीत नसाल तर कोक घेऊन बसा, कुणी आग्रह करत नाही. आणि चार दिवस खोलीतून बाहेर निघावंसंच वाटलं नाही तर स्टुडंट काउन्सेलरला मेल टाका, किंवा मला.

जाताना सीपीआर ऑफिसला देश सोडतोय हे कळवा, खोलीचे फोटो आलात त्या दिवशी आणि निघता त्या दिवशी काढा, डिपॉझिट त्यावरच सुटतं.

माझ्याकडे एक तीन लिटरचा कुकर आहे, मला एका नागपूरच्या मुलीने दिला होता, तिला तिच्या सीनियरने. आत्तापर्यंत सहा जणांकडे राहून परत आलाय, रिंग नवीन टाकलीय. यंदा ज्याला हवा त्याने विचारा.