काचेचा अपवर्तनांक कसा काढावा: चार टाचण्या आणि एक पट्टी

अपवर्तनांक, म्हणजे हवेतून काचेत शिरताना प्रकाश किती वाकतो याचं माप, म्हटलं की कोनमापक आणि साइनचं कोष्टक आठवतं. दोन्ही राहू द्या. पट्टी आणि कंपास पुरे.

ड्रॉइंग बोर्डवर कागद लावून मधोमध काचेची चीप (जाड आयताकृती ठोकळा) ठेवा आणि टोकदार पेन्सिलीने तिची कड आखा. चीप उचला. लांब कडेवर एक बिंदू घेऊन त्यातून काटकोनात रेघ काढा आणि दोन्हीकडे वाढवा. ही स्तंभिका. आता बाहेरून त्याच बिंदूला मिळणारी तिरकी रेघ काढा. ती स्तंभिकेपासून अर्ध्या काटकोनाहून जरा जास्त कललेली हवी. कोन लहान घेतला तर पुढे मिलिमीटरभराची चूकही महागात पडते.

चीप जागेवर ठेवा. तिरक्या रेघेवर पाच-सहा सेंटीमीटर अंतराने दोन टाचण्या उभ्या टोचा. समोरच्या बाजूने, एक डोळा मिटून, काचेतून पाहा आणि आणखी दोन टाचण्या अशा टोचा की चारही एकामागे एक झाकल्या जातील. नजर टाचण्यांच्या बुडाशी हवी. डोकी हमखास कललेली असतात. बहुतेकांचं उत्तर इथेच बिघडतं.

चीप काढा. नंतरच्या दोन छिद्रांतून जाणारी रेघ चिपेच्या कडेपर्यंत आणा आणि तो बिंदू पहिल्या बिंदूला जोडा. काचेतला किरण मिळाला. बाहेर पडलेला किरण मूळ किरणाला समांतर नसेल, तर टाचण्या पुन्हा टोचा.

आता पहिल्या बिंदूवर कंपासचं टोक ठेवून ५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते दोन्ही किरणांना जिथे छेदतं, तिथून स्तंभिकेवर लंब टाका आणि मोजा. बाहेरचा ३.८ आणि आतला २.५ भरला, तर भागाकार १.५२. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपासच असतो. म्हणजे प्रकाश तिच्यात सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, हवेत सुमारे ३ लाख. कोन बदलला तरी हा भागाकार तोच राहतो, हा अपवर्तनाचा नियम इब्न सहल या गणितज्ञाने ९८४ च्या सुमारास असाच, लांबींच्या गुणोत्तरात मांडला होता.

जाता जाता, चिपेच्या समोरच्या बाजूऐवजी शेजारच्या आखूड बाजूतून टाचण्या शोधा. कितीही वाकलात तरी दिसणार नाहीत. लांब बाजूने शिरलेला किरण आखूड बाजूवर किमान ४८ अंशांनी आदळतो आणि काचेचा क्रांतिक कोन, ज्याच्या पुढे प्रकाश काचेतून हवेत निसटूच शकत नाही, आहे सुमारे ४२ (दोन्ही कोन त्या बाजूच्या स्तंभिकेपासून मोजलेले). तो सगळाच्या सगळा आत परततो. लांब बाजूतून तिरकं पाहिलं की आखूड बाजू आरशासारखी चकाकते. तिच्यामागे कोरडं बोट धरा, दिसत नाही. बोट ओलं करून काचेवर दाबा: त्या चकाकीत बोटाच्या रेषा उमटतात.