‘बायो’ पिशव्या घेताय? पॅकिंगवाल्यांनो, या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी टॉवेल भरायला वर्षभराच्या कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्या एकदम भरून ठेवल्या. एकगठ्ठा स्वस्त पडत होत्या ना! मे महिन्यात टॉवेल आत सरकवला की पिशवी पापडासारखी तडकायची. पुरवठादाराशी भांडून उपयोग नव्हता, चूक माझीच. हा माल नाशवंत असतो. उष्णता आणि ओल दोन्ही त्याला सोसत नाहीत. दोन-तीन महिन्यांपुरताच घ्या, सावलीत ठेवा, जुना गठ्ठा आधी संपवा.

हिरवं पान छापलेली प्रत्येक पिशवी कुजत नाही. ‘ऑक्सो’ म्हणून खपवतात ते साधं पॉलिथिनच. लवकर चुरा व्हावा म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले. चुरा मातीत तसाच राहतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे कंपोस्टेबल मालाला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत आधी मागा. ‘नंतर व्हॉट्सॲप करतो’ म्हणणाऱ्याचा माल उतरवून घेऊ नका.

सगळ्यात हसू येतं ते ‘कापडी’ पिशवीचं. बाजारात कापडी म्हणून मिळते ती बहुतेक ‘नॉनवोव्हन’, म्हणजे न विणलेली, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची. धागा काढून काडी लावा: सूत जळून राख होतं, हे मात्र आकसतं आणि थेंब गळतो. बोटांनी सुताचा काउंट (बारीक-जाडपणा) सांगणारं आपलं सोलापूर इथे फसतं, हे काही पटत नाही.

खरी कंपोस्टेबल पिशवीही परसातल्या खड्ड्यात पुरून भागत नाही. पीएलए (वनस्पतींच्या साखर-स्टार्चपासून बनणारं प्लास्टिक) सारख्या मालाला ५८ अंशांच्या आसपास टिकून राहणारी ऊब लागते, ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातच मिळते. भंगारवाल्याच्या पेट बाटल्यांत ती मिसळली तर त्याचाही लॉट बिघडतो.

आता ‘कंपोस्टेबल घेतलं, सुटलो’ हा समज. फेब्रुवारी २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या नियमांत कंपोस्टेबल पॅकिंगचा स्वतंत्र चौथा गट आहे. पिशवी बनवणारा, आयात करणारा आणि तिच्यावर आपलं नाव छापणारा मोठा ब्रँड, तिघांवरही कचऱ्याची जबाबदारी येते. आपण दुसऱ्याच्या लेबलचा माल भरत असू, तर या जबाबदारीचा खर्च कोणाच्या माथी, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. बिल अडकल्यावर कोणी ऐकत नाही.

स्थानिक गिऱ्हाइकाला मी हल्ली डझनाची थप्पी कटपीसच्या सुती पट्टीने बांधून देतो. पावसाळ्यात मात्र पिशवी लागतेच.