सेतूत अर्ज केला, तरी दाखला अडकला? या चुका टाळा

'ऑनलाइन आहे ना, होईल आपोआप' म्हणत सेतू केंद्रातून पावती न घेताच उठणारे दिसले की जीव हळहळतो. पुढची रखडपट्टी तिथेच सुरू झालेली असते.

सगळ्यांत महागात पडते ती मोबाइल नंबरची चूक. आजोबांकडे फोन नसतो, मग सेतूवालाच म्हणतो, 'माझा टाकतो.' त्या दिवसाचं काम भागतं. नंतर अर्जात त्रुटी निघाली, एखादा कागद पुन्हा मागितला, तर निरोप जातो त्याच्या फोनवर. दिवसाला ढीगभर अर्ज भरणाऱ्या माणसाला तुमचा अर्ज कुठून आठवणार? शेजारच्या पुतण्याचा नंबर चालेल, सेतूवाल्याचा नको.

पावतीचं कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित (म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या) सेवेच्या अर्जाची पोच मिळालीच पाहिजे आणि काम किती दिवसांत होणार हेही तिच्यावर हवं. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. पहिलं आणि दुसरं अपील खात्यातल्याच वरिष्ठांकडे, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. लोक मात्र अपील सोडून नवा अर्ज भरतात! मग मुदत पुन्हा पहिल्यापासून, आणि आधीच्या उशिराचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. 'साहेब रजेवर आहेत' ऐकून मुकाट परतायची सवय आपल्याला जुनीच. आता साहेबांच्या जागी सर्व्हर आलाय, एवढंच.

'आधार लिंक आहे' असं बँक सांगते, तरी लाडकी बहीणचे पैसे दिसत नाहीत? केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार देणं वेगळं; डीबीटीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हावेत म्हणून खातं आधारशी जोडणं, वेगळं. खाती अनेक असली तरी पैसे जातात ते शेवटी सीडिंग झालेल्या एकाच खात्यात. भांडायला जाण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा. विसरलेल्या एखाद्या खात्यात हप्ते पडून असतात.

सातबाऱ्याचंही तसंच. फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता; कर्जासाठी डिजिटल स्वाक्षरीचा, 15 रुपयांचा काढा. आणि केंद्रात दरफलकापेक्षा जास्त मागितले, तर आधी पावती मागा. बहुतेक वेळा आकडा तिथेच खाली येतो.