डोकं ठिकाणावर असताना लिहायचा कागद

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी मन सुसाट धावतं तर कधी पार खचतं, तो मानसिक आजार. दोनदा भरती झाले. दुसऱ्या वेळी एका इंजेक्शनने मान वाकडी होऊन तशीच आखडली. 'हे नको' असं मी आधीपासून ओरडत होते, पण मी तेव्हा काय काय ओरडत होते म्हणता! त्यातलं कुठलं खरं धरायचं, हे डॉक्टरांना तरी कसं कळावं?

म्हणून हा कागद, इंग्रजीत 'अ‍ॅडव्हान्स डिरेक्टिव्ह'. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सज्ञान माणसाला, आधी आजार झालेला असो वा नसो, तो लिहायचा हक्क दिलाय. पुढे निर्णय घ्यायची क्षमता गेली तर उपचार कसे हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, एवढंच त्यात लिहायचं.

डॉक्टरांकडे विषय काढला तर म्हणाले, "व्हेंटिलेटर नको, तेच ना?" नाही, ते लिव्हिंग विल, म्हणजे मरणाच्या दारात यंत्रांवर जगवत ठेवू नका असं लिहून ठेवणं. नीट सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "ताई, उद्या तुम्ही लिहाल की भरतीच करू नका. घरचे मला धरतील, मी काय करू?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माणूस खरं बोलला.

तर आधी त्यांची भीती कमी करा. तातडीच्या उपचाराला हा कागद आड येत नाही. ती मुभा साधारण 72 तासांची असते. कागदातली एखादी गोष्ट पटली नाही तर डॉक्टर किंवा घरचे याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतात. आणि वैध कागदाप्रमाणे वागून काही अनपेक्षित घडलं तर त्याचा दोष डॉक्टरांवर येत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर आमच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

मग लिहायला त्यांच्यासमोरच बसा. नुसती 'नको'ची यादी केलीत तर ती बाजूला पडेल. मी लिहिलं: अमुक इंजेक्शन नको, मान आखडते, त्याऐवजी तमुक गोळी, पूर्वी लागू पडली आहे. लिथियम हे बायपोलरवरचं औषध चालेल, पण रक्तातली पातळी तपासत राहा. बांधून ठेवण्याआधी नणंदेला फोन करा, तिच्याशी बोलले की मी शांत होते. भरतीला माझी ना नाही, हेही लिहिलं. त्या एका ओळीने बाकीच्या ओळींना वजन आलं.

सुरुवातीची लक्षणंही लिहा, अगदी घरगुती भाषेत. माझी अशी: पहाटे तीनला डबे घासायला काढते, उधारीवर साड्या आणते.

प्रतिनिधी म्हणून मी भावाला नाही, नणंदेला नेमलं. त्यावरून दिवाळीपर्यंत अबोला चालला. असो. तिची लेखी संमती घेतली.

शेवटी सही, दोन साक्षीदार आणि मंडळाकडे नोंदणी. 'आज यांना सगळं नीट समजतंय' असं डॉक्टरांकडून तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या. पुढे कुणी शंका काढली तर उपयोगी पडतं. कागद केव्हाही बदलता येतो, रद्दही करता येतो.

मात्र तो वेळेला डॉक्टरांच्या हाती पोचवणं आपलं आणि प्रतिनिधीचं काम. प्रत मिळालीच नाही तर त्यांना जबाबदार धरता येत नाही. माझी एक प्रत केसपेपरला जोडलेली आहे, दुसरी नणंदेच्या पर्समध्ये. तिसरी गॅसच्या पुस्तकात ठेवली आहे, कारण आमच्या घरात हमखास सापडणारी वस्तू तेवढीच.