किनाऱ्यावरील लहान शहराच्या सांडपाण्यात मिसळणारे खारे पाणी कसे शोधावे

समुद्रकाठच्या लहान शहरातील सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालत नसेल, तर टाक्यांना हवा पुरवणारे ब्लोअर किंवा सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू यांना दोष देण्याआधी केंद्रात येणाऱ्या पाण्याचा खारेपणा मोजावा. अशा शहरात भूजल उथळ असते, मलवाहिन्या अनेक ठिकाणी त्या पातळीच्या खाली असतात, आणि सैल सांधे, तडे व समुद्राकडे उघडणारे जुने निचरे यांतून खारे पाणी सतत आत शिरते. हे पाणी उपसण्यासाठी वीज जाते, टाक्यांमधली जागा अडते आणि खऱ्या सांडपाण्याला प्रक्रियेसाठी मिळणारा वेळ कमी होतो.

पाणी जितके खारे तितकी त्यातून वीज अधिक वाहते, म्हणून मोजणीसाठी विद्युतवाहकता मापक पुरेसा आहे. पाऊस नसलेल्या काळात, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, केंद्राच्या प्रवेशापाशी दर तासाला नमुना घ्यावा आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर) भरतीच्या दिवसांत तीच मोजणी पुन्हा करावी. रात्री घरांचा वापर घटलेला असताना शिरणारे पाणी अधिक स्पष्ट दिसते, म्हणून रात्रीचे नमुने टाळू नयेत. भरतीबरोबर वाहकता एकदम उसळत असेल, तर बहुधा कोठेतरी थेट वाट उघडी आहे. ती सदैव जास्त असेल आणि भरतीनंतर उशिराने, सावकाश वाढत असेल, तर संशय भूजलाच्या पाझरावर घ्यावा. या दोन दोषांची दुरुस्ती अगदी वेगळी असल्याने हा फरक आधीच ओळखणे फार मोलाचे ठरते.

प्रमाण काढण्यासाठी क्लोराईड, म्हणजे मिठातला एक घटक, तपासावे. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. समजा, खारे पाणी न पोहोचणाऱ्या वस्तीच्या सांडपाण्यात ते १५० आणि भरतीच्या वेळी केंद्रात १,१०० आढळले, तर ९५० ला १८,८५० ने भागून सुमारे ५ टक्के समुद्राचे पाणी मिसळल्याचे कळते. मात्र शिरणारे पाणी समुद्राच्या निम्म्या खारेपणाचे मचूळ भूजल असेल, तर त्याचे प्रमाण जवळपास दुप्पट धरावे लागेल.

त्यानंतर उदंचन केंद्रांपासून (सांडपाणी उपसणाऱ्या पंपांच्या ठिकाणांपासून) सुरुवात करून प्रत्येक फाट्यावरील चेंबरमध्ये वाहकता पाहत प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकावे. नमुना दोरीला बांधलेल्या भांड्याने वरूनच काढावा, कोणालाही चेंबरमध्ये उतरवू नये. खाऱ्या पाण्यातील सल्फेटपासून तुंबलेल्या वाहिनीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि हवेत दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास तो असला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे मुळीच समजू नये. हाच वायू पाण्यावरच्या ओलसर काँक्रीटवर आम्लात रूपांतरित होऊन वाहिनीचा माथा पोखरतो.

दुरुस्तीत पहिला मान समुद्राकडे उघडणाऱ्या निचऱ्यांवरील झडपांना द्यावा. वाळू किंवा शेवाळ अडकून त्या अर्धवट उघड्या राहतात, आणि त्यांची सफाई हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सांधे भरणे आणि वाहिनीला आतून अस्तर लावणे ही खर्चिक कामे सर्वाधिक पाझराच्या टप्प्यांपुरती करावीत.

दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत केंद्र सांभाळावे लागते. स्थिर खारेपणाशी जिवाणू हळूहळू जुळवून घेतात. अचानक चढउतार मात्र त्यांना, विशेषतः अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्यांना, झेपत नाही, म्हणून समतोल टाकीत पाणी साठवून ते एकसारख्या गतीने पुढे सोडावे. वायुवीजन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावा आणि मापकात क्षारतेची दुरुस्ती भरावी, कारण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. क्लोराईड लिटरमागे २,००० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर डायक्रोमेट या रसायनाच्या पद्धतीने काढलेली रासायनिक ऑक्सिजन मागणी (सांडपाण्यातील घाणीचे एक माप) खोटी वाढलेली येऊ शकते, त्यामुळे प्रयोगशाळेला नमुन्यासोबत क्लोराईडचा आकडा अवश्य कळवावा. जैविक प्रक्रियेने मीठ निघत नाही, म्हणून प्रक्रिया केलेले पाणी बागांना देण्याचा बेत असल्यास क्लोराईड आधी तपासावे.

झडप किंवा सांधा दुरुस्त झाल्यावर पुढच्या उधाणाला त्याच चेंबरपाशी, भरतीच्या त्याच टप्प्यावर पुन्हा मोजणी करावी आणि वाहकता खाली आली असेल तरच ते काम पूर्ण झाल्याची नोंद घ्यावी.