त्याने कुठला बॉल मारला नाही, ते बघा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या क्लबात मी खेळतो तिथं स्ट्रेट पूल, म्हणजे सलग किती बॉल पॉकेटात घालता ते मोजायचा पूलचा प्रकार, कुणीच खेळत नाही. स्नूकर, नाहीतर तासावर घेतलेला एट बॉल. मी एकटाच पंधरा बॉल लावून बसायचो, तेव्हा मालक विचारायचे, "अरे, पैज कुणाशी लावलीस?" शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून एका अमेरिकन खेळाडूचा शंभरच्या पुढचा, व्हिडिओवर रेकॉर्ड केलेला रन (न चुकता सलग घातलेले बॉल) हाच माझा वस्ताद. या वस्तादानं मला आठ महिने फसवलं. खरं तर मीच फसलो. तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

नियम सांगत बसत नाही. चौदा गेले की पंधरावा तसाच ठेवून बाकीचे पुन्हा त्रिकोणात लावायचे, टोकाची जागा रिकामी सोडायची, हे माहीत असेल तर पुरे. स्नूकरवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिकडं 'ब्रेक' म्हणजे सलग केलेले गुण आणि इकडं 'ब्रेक' म्हणजे रॅक, तो लावलेला त्रिकोण, फोडणं. मी पहिल्या आठवड्यात याच्यातच गोंधळलो.

आता खड्डा. तो व्हिडिओ मी दीडपट वेगानं बघायचो. त्यात तो माणूस टेबलाभोवती फिरतो, चॉक लावतो, थांबतो, परत फिरतो. मला ते कंटाळवाणं वाटायचं, मी पुढं सरकवायचो. बॉल पॉकेटमध्ये पडताना तेवढा बघायचा. बघून बघून माझं मत पक्कं झालं की स्ट्रेट पूल म्हणजे सोपा बॉल दिसला की मारायचा. कारण त्याचा प्रत्येक शॉट सोपाच होता! वीतभर अंतर, हलका कोन, व्हाईट (ज्याला क्यूनं, म्हणजे काठीनं मारतात तो पांढरा बॉल) जेमतेम हातभर सरकलेला. यात काय अवघड आहे?

क्लबात जाऊन मी तेच केलं. सोपं ते आधी. पॉकेटच्या तोंडाशी लटकलेला बॉल म्हणजे फुकटचा गुण, तो पहिला घेतला. सहा, सात, आठ बॉल झकास जायचे. मग उरायचे ते सगळे कुशनला, टेबलाच्या कडेला चिकटलेले, एकमेकांना खेटलेले आणि रॅकच्या जागेपासून लांब. आठ महिन्यांत माझा सगळ्यात मोठा रन होता तेरा. तेरा! म्हणजे एकदाही दुसरा रॅक फोडायची वेळ आली नाही. मित्र म्हणायचे पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटात घालणं, कच्चं आहे. मीही तेच धरून चाललो, रोज तासभर लांबचे पॉट मारत राहिलो. पैसे गेले, दंड दुखला, रन तेराच.

डोळे उघडले ते वीज गेल्यामुळं. मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला होता, नेट तुटलं आणि चित्र एका जागी थिजलं. चार बॉल उरलेले. एक साइड पॉकेटच्या तोंडाशी, लहान पोरगं ढकलेल असा. हा बॉल तो मारत का नाही? नेट आल्यावर मागं जाऊन बघितलं, तर तो बॉल सातव्या शॉटपासून तिथंच होता. त्यानं तो सात वेळा सोडला होता. शेवटी चौदावा म्हणून घेतला आणि व्हाईट बरोबर तिथं आला जिथून पंधरावा मारला की रॅक फुटतो.

तो पंधरावा म्हणजे 'ब्रेक बॉल' आणि त्याच्या आधीचा तो 'की बॉल' (की म्हणजे किल्ली). शब्द मला पाठ होते. पण हे दोन बॉल त्यानं रॅक फुटल्याबरोबर ठरवलेले असतात आणि बाकीचे शॉट त्यांच्यासाठी जागा करत असतात, हे मला दिसलंच नव्हतं. ते तो फिरताना ठरवत होता. नेमकं तेच मी पुढं सरकवत होतो.

म्हणून कृपा करून वेग वाढवू नका. रॅक फुटला की व्हिडिओ थांबवा. वहीत टेबल काढा, वेडंवाकडं चालेल. आपला ब्रेक बॉल ठरवा, की बॉल ठरवा, पुढचे तीन शॉट लिहा. मग चालू करा. मी सुरुवातीला पाच रॅकमध्ये एकदाच ब्रेक बॉल बरोबर ओळखला. लाज वाटली. पण ती लाज कामाची आहे, तुम्हालाही वाटेल, घाबरू नका. तीनेक आठवड्यांत डोळा बदलतो.

अजून एक, यात मी पुन्हा पडलो म्हणून खोलात सांगतो. ब्रेक बॉलवर व्हाईट एकदम सरळ रेषेत आला की आपल्याला आनंद होतो. चुकणारच नाही असा शॉट! पण सरळ शॉट मारला की व्हाईट एक तर जागीच थांबतो, नाहीतर त्याच रेषेत पुढं-मागं जातो. रॅक तसाच शहाण्यासारखा उभा. कोन हवाच, तोही व्हाईटला रॅककडं ढकलणारा. बॉल रॅकच्या उजवीकडं असेल तर व्हाईट त्या सरळ रेषेच्या कुशनकडच्या बाजूला हवा. रॅककडच्या बाजूला राहिला तर बॉल जाईल, पण व्हाईट रॅकपासून लांब पळेल. मी खडूनं टेबलावर रेष मारून बघितली. मालकांनी कापडासाठी शिव्या घातल्या. तुम्ही वहीत मारा.

महागडी क्यू घेऊ नका. इथं रॅक फोडायला फार ताकद लागत नाही, मग वेगळी ब्रेक क्यू कशाला? नेम धरायच्या 'पद्धती' विकणाऱ्यांपासून तर चार हात लांब. आणि तुमच्या हातातली क्यू काढून घेऊन "बघ, असं" म्हणत स्वतःच तीन शॉट मारणारे दादा प्रत्येक क्लबात असतात. त्यांना चहा पाजा, गुरू करू नका. गंगावेशच्या तालमीत वस्ताद पोराला उतरवतो आणि स्वतः काठावर उभा राहतो, मला तसा माणूस पटतो.

मोठे आकडे बघून खचू नका. अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीनं 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये 526 बॉल सलग मारले, आठ फुटी टेबलावर. त्याचं चित्रीकरण नाही, साक्षीदारांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र आहे. जॉन श्मिटनं 2019 मध्ये 626 केले, ते कॅमेऱ्यासमोर. पण त्याआधी कित्येक आठवडे तो प्रयत्न करत होता आणि मोडत होता. आपण बघतो तो न मोडलेला. तुमचे अकरावर मोडलेले रन कुणी रेकॉर्ड करत नाही, बरंच आहे.

माझा आकडा? एकतीस. दोन रॅक पार. गेल्या रविवारी तिसऱ्या रॅकमध्ये की बॉल हेरून ठेवला होता, कोपऱ्यातला पिवळा. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "अरे तो पिवळा मार की, किती सोपाय!" आणि मी मारला.