मृत्युपत्राला हरकत घ्यायची असेल, तर पहिले २२ दिवस

मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांची प्रकरणं पाहणाऱ्या) विभागाचं सायटेशन, म्हणजे नोटीस, घरी आलं, याचा अर्थ कुणीतरी मृत्युपत्रावर प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मागितलं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं गेलं, त्यामुळे मुंबईत प्रोबेटची सक्ती उरलेली नाही. पण वारसांत वाद असेल तर मृत्युपत्राचा खरेखोटेपणा अजूनही इथेच ठरतो. सायटेशन ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख लगेच पाकिटावर लिहा.

तिथून १४ दिवसांत कॅव्हेट, म्हणजे प्रोबेटला विरोध असल्याची लेखी सूचना, दाखल करायचं, स्वतः किंवा वकिलामार्फत. ते दाखल झालं की पुढच्या ८ दिवसांत त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. कॅव्हेट टाकून लोक निर्धास्त होतात, पण प्रतिज्ञापत्राशिवाय ते कॅव्हेट प्रोबेट अडवू शकत नाही. दिवाणी दाव्यातलं ९० दिवसांचं कॅव्हेट वेगळं, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

प्रतिज्ञापत्रात दोन गोष्टी हव्यातच: तुमचा हितसंबंध आणि हरकतीची कारणं. हितसंबंध म्हणजे मृत्युपत्र नसतं तर तुम्हाला वाटा मिळाला असता किंवा आधीच्या मृत्युपत्रात तुमचं नाव होतं, असं काही. नुसतं नातं असणं किंवा मयताकडून तुमचे पैसे येणं बाकी असणं पुरत नाही.

कारणं लिहिण्याआधी मूळ मृत्युपत्र पाहण्यासाठी अर्ज करा. झेरॉक्सवर विसंबू नका. शेवटची ओळ आणि सही यांत किती जागा सुटली आहे, प्रत्येक पानावर सही आहे का, शाई एकच आहे का, स्टेपलच्या जुन्या भोकांच्या खुणा सगळ्या पानांवर जुळतात का, हे नीट पाहा. समजा, मृत्युपत्र करणाऱ्या आजींना फक्त मराठी येत होतं आणि मृत्युपत्र इंग्रजीत आहे, तर ते त्यांना वाचून समजावलं असं कुठे लिहिलंय का? सहीच्या तारखेला त्या रुग्णालयात होत्या का? केसपेपर मागवा. कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात, नोंदणी लागत नाही. म्हणून ‘नोंदणी नाही’ एवढ्यावर हरकत टिकत नाही. मोठा वाटा घेणाऱ्यानेच मृत्युपत्र तयार करवून घेतलं असेल, तर ते ठळक लिहा. असा संशय दूर करण्याची जबाबदारी प्रोबेट मागणाऱ्यावर असते.

‘फ्लॅट मुळात आजोबांचा होता’ हा मुद्दा मात्र इथे मांडून उपयोग नाही. प्रोबेट कोर्ट मालकी ठरवत नाही. त्यासाठी वेगळा दावा लागतो. तो लावला की लिस पेंडन्सची, म्हणजे मालमत्तेवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रातल्या दुरुस्तीमुळे नोंद नसेल तर मधल्या काळातला खरेदीदार हातचा सुटतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही वादाचं पत्र देऊन पोच घ्या. नॉमिनी मालक नसतो, पण शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर चढलं की पुढची धावपळ तुमचीच.

प्रतिज्ञापत्र दाखल झालं की अर्जाचा दावा होतो: अर्जदार वादी, तुम्ही प्रतिवादी. मग मुद्दे ठरतात आणि साक्षीदाराची उलटतपासणी होते. मालमत्ता मधल्या काळात वाऱ्यावर राहू नये, म्हणून कलम २४७ खाली तात्पुरता प्रशासक मागता येतो.

मुदत हुकली आणि प्रोबेट अजून निघालेलं नसेल, तर विलंबमाफीच्या अर्जासह लगेच कॅव्हेट टाका. निघालं असेल तर कलम २६३ खाली ते रद्द करायला अर्ज करावा लागतो. सायटेशन तुमच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, हे त्यातलं सर्वांत भक्कम कारण. ते पाठवलेला पत्ता कोर्टाच्या कागदांतून आधी तपासा.